सातव्या अंकावरून

सिलतऱ्याच्या प्लांटच्या बसमध्ये मी आणि एक सहकारी रोज शेजारी बसायचो. उडणाऱ्या गुप्तहेराच्या कॉमिक्सचे आम्ही दोघंही वेडे. एकदा सगळ्यांत चांगला अंक कोणता, यावरून वाजलं.

"तिसरा," मी म्हणालो.

"तो पोट्ट्यांसाठी आहे. सातवा वाच."

"सातव्यात हेर नुसता रडून राहिला. तुले रडकेच आवडतात."

वडिलांच्या शेवटच्या आजारात, दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून त्यानं तो अंक वाचला होता. हे मला ठाऊक होतं, तरी बोललो. तो खिडकीकडे वळला आणि प्लांट येईपर्यंत तसाच बसला.

दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर त्याचा डबा होता. मी मागं जाऊन बसलो. माफी मात्र मागितली नाही.