भिकू तांडेलाची उडी

भिकूदादांना वेळ विचारली, की ते मनगटाकडे बघत नसत. बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवत आणि उलट विचारत, "आज तिथी काय?" तुम्ही 'चतुर्थी' म्हणालात, की लगेच उत्तर यायचं, "म्हणजे तीनला पानी भरनार. अजून दोन हात यायचं हाय. एक वाजला असंल." आणि एकच वाजलेला असायचा.

हिशेब सोपा होता. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मिरकरवाड्यातल्या सगळ्या जुन्या माणसांना तो येतो, पण भिकूदादा त्यावर जगत. लग्नाची पत्रिका हातात पडली, तर मुहूर्ताआधी तिथी बघत आणि म्हणत, "अक्षता पडायच्या टायमाला सुकती हाय. नवऱ्याची बोट चिखलात." नवख्या माणसाला वाटे, म्हातारा फार धार्मिक दिसतो. एकदा एका बाईंनी आदराने विचारलं, "दादा, एकादशी करता वाटतं?" दादा म्हणाले, "करतो ना. सव्वाआठला." आणि समोरच्या ताटातला बांगडा उलटून त्याची दुसरी बाजू खायला घेतली.

ते मूळचे राजापूर तालुक्यातल्या नाट्याचे. तरुणपणी रत्नागिरीत आले, मिरकरवाड्यातल्या एका ट्रॉलरवर खलाशी लागले आणि चार-पाच वर्षांत त्याच ट्रॉलरचे तांडेल झाले. बोटीवरचा शेवटचा शब्द तांडेलाचा. त्यांचं पेटंट वाक्य होतं, "पान्याला इचारलंस काय?" डॉक्टर, इंजिनचा मेस्त्री, निवडणुकीचा उमेदवार, कुणालाही ते हेच विचारायचे.

आणखी एक सवय होती. कुणी डावीकडे येऊन बसलं, की दादा उठून त्याच्या पलीकडे जाऊन बसत. त्यांचा डावा कान पूर्ण गेलेला होता. कसा गेला, हे विचारलं तर म्हणत, "पानी शिरलं." ते पाणी कधी आणि कुणामुळे शिरलं, हे रत्नागिरीत दोनच माणसांना ठाऊक होतं. एक ते आणि दुसरा मी. त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांना गरज वाटली नाही. मी सांगितलं नाही, कारण माझी हिंमत नव्हती.

तीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडे 'काळा खडप' नावाच्या मराठी सिनेमाचं शूटिंग झालं. तस्करांच्या टोळीशी एकटा भिडणारा खलाशी, अशी गोष्ट. मुंबईत तो आठवडाभरही टिकला नाही. पण रत्नागिरीने तो डोक्यावर घेतला, मग कॅसेटवाल्यांनी, मग सगळ्या कोकणाने. गणपतीत पडदा बांधून तो दाखवायचा, हा कित्येक वाड्यांचा रिवाज आहे. त्यात शेवटी नायक लाल सदऱ्यात जांभ्याच्या कड्यावरून धावत येतो आणि चाळीस फूट खाली, खडपांच्या, म्हणजे समुद्रातल्या खडकांच्या, मधल्या पाण्यात उडी घेतो. मागे आभाळ तांबडंलाल. आजही ती उडी मोबाइलवर फिरते. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, 'सोमवारी कामावर जाताना मी.'

ती उडी नायकाने मारली नव्हती, हे सगळ्यांना माहीत आहे. नामावलीत 'जोखमीची दृश्ये' या शब्दांपुढे माझं नाव आहे. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो, जिल्ह्यात पोहण्यात पहिला आलो होतो, आणि अंगलोट नायकासारखी होती. युनिटने मलाच निवडलं होतं. दिवस कोजागिरीनंतरचा. लाल सदरा घालून मी कड्यावर उभा राहिलो, खाली बघितलं आणि खाली बसलो. दिग्दर्शक ओरडला, मग त्याने समजूत काढली, मग पुन्हा ओरडला. मी जमीन धरून बसलो होतो.

शूटिंगसाठी भाड्याने घेतलेल्या ट्रॉलरचे तांडेल वर आले होते, भरती उतरायच्या आत काय ते उरका, असं सांगायला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काढ सदरा," म्हणाले. मला वाटलं, मला वारा घालणार आहेत. त्यांनी तो स्वतःच्या अंगात चढवला, खाली पाण्याकडे एकदा नीट बघून घेतलं, आणि धावत गेले.

युनिट टाळ्या वाजवत होतं. दादा वर आले तेव्हा डाव्या कानातून रक्ताची बारीक धार येत होती. त्यांनी सदरा पिळला, मला परत दिला आणि म्हणाले, "तुझाच हाय. मला काखेत घट्ट होतो."

नामावली आधीच लिहून झाली होती. ती बदलायला सांगायचं काम माझं होतं. मी म्हटलं, उद्या सांगू. मग सिनेमा लागला. मग लोक मला ओळखायला लागले. शाळेत शारीरिक शिक्षणाच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो, तर हेडमास्तरांनी पहिला प्रश्न केला, "उडीवाले तुम्हीच ना?" मी मान हलवली. मान हलवायला किती कमी वेळ लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. नोकरी लागली. लग्न ठरलं तेही 'उडीवाले मास्तर' म्हणूनच. दरवर्षी स्नेहसंमेलनात मुलांना ती हकीकत सांगत गेलो आणि सांगता सांगता त्यात पडद्यावरचा सूर्यास्तसुद्धा घातला. सूर्य बुडत होता, पाणी सोन्यासारखं दिसत होतं, वगैरे. खरं तर तेव्हा भर दुपार होती. तांबडं आभाळ कॅमेऱ्यापुढे धरलेल्या काचेचं होतं.

दादा मला जेटीवर भेटायचे. सोबत कुणी असलं आणि उडीचा विषय निघाला, तर एवढंच म्हणायचे, "उडी बघण्यासारखी होती. काय मास्तर?" त्यात टोमणा आहे की नाही, हे शोधण्यात माझी वर्षं गेली.

एकदा फार जड झालं, तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. ते जाळं शिवत बसले होते. मी मुद्दाम त्यांच्या डावीकडे बसलो आणि सगळं बोलून टाकलं. मी भित्रा आहे, मी तुमचं नाव खाल्लं, मला माफ करा, सगळं. ते सुई ओवत राहिले. त्या दिवशी मात्र ते उठून पलीकडे गेले नाहीत. मी हलका होऊन घरी आलो आणि दोन दिवसांत पुन्हा होतो तेवढाच जड झालो.

गेल्या वर्षी ऋता नावाची तिशीतली दिग्दर्शिका रत्नागिरीत आली. तिला 'काळा खडप' नव्याने काढायचा होता. या वेळी खलाशी नाही, खलाशाची मुलगी टोळीशी भिडणार होती. ऋता बोलण्यात स्पष्ट. म्हणाली, "सर, आताच्या मुलांना काँप्युटरवर उडणारी माणसं बघून कंटाळा आलाय. त्यांना लगेच कळतं, हे खोटं आहे म्हणून. आमची उडी खरी असणार. तोच कडा, तेच पाणी." उडी मारणार होती कोल्हापूरची पल्लवी, मोटारी उलटवणं आणि छपरांवरून उड्या मारणं हा जिचा रोजचा व्यवसाय. समुद्र तिला नवा होता.

मी दादांना ही बातमी दिली. ते म्हणाले, "परत काढतायत? का, पयल्यात काय ऱ्हायलं?"

मी म्हटलं, "नवीन पिढीसाठी."

"मग ठीक. नव्या पिढीला सांग, पान्याला इचारून या."

ऋताने मला सल्लागार नेमलं. एका बैठकीत तिने विचारलं, "सर, तुम्ही संध्याकाळीच मारलीत ना उडी? भरतीला?" खोलीत दहा-बारा जण होते. भिंतीवर जुन्या सिनेमातलं ते तांबडं चित्र लावलेलं. मी म्हटलं, "हो. संध्याकाळी."

तिने मोबाइलवर बघितलं. "परफेक्ट. या तारखेला सहा वाजता भरती आहे. तोच उजेड मिळेल. खोली आम्ही मागच्या पौर्णिमेला मोजलीय, भरपूर आहे."

मी त्या रात्री नीट झोपलो, हे सांगायला हवं. भरती म्हणजे भरती, एवढंच माझं समुद्राचं ज्ञान. उडीच्या दोन दिवस आधी जेटीवर सहज दादांना तारीख सांगितली. त्यांचा अंगठा पेरांवरून फिरला आणि थांबला.

"सहाला भरती म्हंजे अष्टमी. अष्टमीला काय असतं मास्तर?"

"काय?"

"भांग."

मी हसलो. मला शिवरात्रीची आठवली. दादा हसले नाहीत. "ती नव्हं रे मेल्या. पौर्णिमा-आमाश्येला उधाण. अष्टमीला भांग, समुद्र अर्धा झोपलेला. भरती होते, पन उधाणापरीस कमरेएवढं पानी कमी. त्या कड्याखाली खडपाचा एक दात हाय, मी बघूनच त्याच्या पलीकडं पडलो. उधाणाला तो खोल असतो. भांगाला वर येतो. पोरीला मारायची हाय काय तुला?"

"तुम्ही चला ना सांगायला."

"माझं कोन ऐकनार? उडीवाला तू."

त्यात टोमणा नव्हता. ते अगदी खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

आधी मी माझ्या सवयीने अर्धीच वाट चालून बघितली. ऋताला फोन करून म्हटलं, तारीख पुढे घ्या, भांग आहे. ती म्हणाली, "सर, परवानग्या आहेत, सगळ्यांच्या तारखा आहेत. आणि तुम्हीसुद्धा संध्याकाळच्या भरतीलाच मारली होतीत. म्हणजे अष्टमीच्या आसपासच की! तुम्हाला काही झालं नाही." माझंच खोटं तिने पुरावा म्हणून माझ्यापुढे ठेवलं. आता ते मोडल्याशिवाय पल्लवी वाचणार नव्हती.

अष्टमीच्या सकाळी मी दादांना घेऊन कड्यावर गेलो. युनिट पोहे खात होतं. मी मध्ये उभा राहून म्हटलं, "ती उडी मी मारलेली नाही."

कुणाच्या तरी हातातला चमचा तसाच राहिला. ऋता म्हणाली, "सर, काय बोलताय?"

"मी वर बसून होतो. घाबरून. उडी भर दुपारी मारली, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, उधाणाच्या पाण्यात. मारली या भिकूदादांनी. आज संध्याकाळी इथे पाणी कमी असणार आहे. माझ्यावर नका विश्वास ठेवू. त्यांच्यावर ठेवा."

सगळे दादांकडे बघायला लागले. ते कडेला पाण्याकडे तोंड करून उभे होते. आमच्याकडे त्यांची डावी बाजू होती. त्यांना एक शब्दही ऐकू गेला नव्हता. मी चालत गेलो, वळसा घालून त्यांच्या उजवीकडे उभा राहिलो आणि सगळं पुन्हा सांगितलं.

ते म्हणाले, "हे तू मागं पन सांगितलंस. मी जाळं शिवत होतो तेव्हा."

"तेव्हा तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"नाय. पन मुद्दाम डावीकडं येऊन कोन बोलतो? ज्याला खरं बोलायचं असतं तोच. म्हटलं बोलून घेऊ दे. उजवीकडं येशील कधीतरी."

ऋता माझ्याशी त्या दिवशी पुन्हा बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं. पण तिने कॅमेरे बंद ठेवले. संध्याकाळी सहाला, ऐन भरतीला, दादांनी होडीतून शिसं बांधलेली दोरी त्या दातावर सोडली, पाण्याच्या रेषेवर गाठ मारली आणि वर आणून पल्लवीच्या हातात दिली. तिने ती दोरी स्वतःच्या अंगाला लावून बघितली. गाठ तिच्या बरगड्यांशी आली.

"आयला," ती म्हणाली, "म्हणजे मी थेट दगडावरच उतरले असते की!"

"तोच भांग," दादा म्हणाले.

पुढचे आठ दिवस त्यांनी तिला शिकवलं. कुठे बघायचं, कुठून धावायचं, खांबासारखं सरळ कसं जायचं. "मान वळवू नको बाय. मान वळवलीस तर कान गेला."

"तुम्ही का वळवलीत मग?" तिने विचारलं.

"मागं एक जन कडेला बसला होता. थरथरत होता. चक्कर येऊन पडतो की काय, म्हनून बघत गेलो."

मी तिथेच, त्यांच्या उजवीकडे उभा होतो. सांगण्यासारखं सगळं सांगून झालं होतं.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, पाऊण वाजता पल्लवीने उडी मारली. भर उन्हात. ऋताने तांबडी काच लावली नाही. म्हणाली, खरं होतं तसंच दिसू दे. पल्लवी वर आली आणि पाण्यातूनच ओरडली, "आजोबा, दोन्ही कान हायती!" दादांनी एक हात वर केला. मला म्हणाले, "हिची माझ्यापरीस सरळ गेली."

शाळेत मी मुलांनाही सांगितलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, तुम्ही फक्त सदरा दिलात?" मी म्हटलं, "हो. तोसुद्धा त्यांना काखेत घट्ट होत होता."

आषाढात दादा गेले, झोपेतच. नाट्याहून भाऊबंद आले होते. कुणीतरी विचारलं, किती वाजता न्यायचं. माझा अंगठा आपोआप पेरांवरून फिरला. दशमी होती. मी म्हटलं, "साडेसातला पाणी भरतंय. तेव्हा निघू." आणि कुणी हरकत घेतली नाही.

सिनेमा दिवाळीत लागला. रत्नागिरीत पहिल्या खेळाला मी दोन तिकिटं काढली. डावीकडची खुर्ची रिकामी ठेवली आणि तिच्या उजवीकडच्या खुर्चीवर मी बसलो. उडीच्या वेळी पोरांनी शिट्ट्यांनी थेटर डोक्यावर घेतलं. शेवटी नामावली सुरू झाली, लोक चपला शोधत उठायला लागले. 'उडी' या शब्दापुढे पल्लवीचं नाव होतं. त्याखाली होतं, 'पहिली उडी : भिकाजी तांडेल, नाटे.' मी डावीकडे वळलो आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते वाचलं.