काचेचं पांघरूण

गाडीत थंडी पत्र्यातून येत नाही, काचेतून येते. हे मी कुठे वाचलेलं नाही, अंगावर काढलेलं आहे. एसटीत ड्रायव्हर असताना डोंगरावरच्या आहुप्याच्या मुक्कामी गाडीवर माझे कितीतरी हिवाळे गेले. संध्याकाळी गाडी वर न्यायची, तिच्यातच झोपायचं आणि उजाडताना तीच घेऊन घोडेगावला उतरायचं. दोन घोंगड्या घेतल्या तरी समोरची मोठी काच नुसता गारठा ओकत राहायची. कंडक्टर मागच्या सीटवर खुशाल घोरायचा आणि मी पुढे कुडकुडत त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचो.

म्हणून निवृत्तीनंतर एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली, तेव्हा मला पहिली काळजी लागली ती काचेची.

गाडी घेतली बायकोसाठी. निदान सगळ्यांना मी तसंच सांगत होतो. तिला बर्फ बघायचा होता. तिचं माहेर डिंगोरे, सासर पिंपळवंडी आणि बाजार आळेफाट्याचा. एवढ्यात तिचा सगळा जन्म गेला. टीव्हीवरच्या हिंदी मालिकेत कुणी बर्फात पळायला लागलं की ती हातातलं काम थांबवायची. "येकदा हातात घिऊन बघायचाय," म्हणायची. रिटायर झालो की नेतो, असं मी तिला नोकरीत असतानाच सांगून ठेवलं होतं. हजारो लोकांना मी इकडचं तिकडे नेलं, त्यांत ती कधी नव्हती.

मिनीबसची बाकडी काढली. मागे फळ्यांची झोपायची जागा केली, गॅसची शेगडी बसवली, पाण्याचं पिंप बांधलं. गावाने गाडीचं नाव 'बिऱ्हाड' ठेवलं. पारावरून जाताना कुणी ना कुणी विचारायचंच, "काय राव, बिऱ्हाड कवा हालतंय?" चार महिन्यांत सगळं तयार होतं. राहिली होती फक्त पुढची केबिन: समोरची काच आणि दोन दारांच्या काचा. त्यांना रात्री आतून काय लावायचं एवढाच प्रश्न होता. त्यात माझी तीन वर्षं गेली. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच.

पहिल्यांदा बायकोनेच गोधड्या शिवल्या. वर्तमानपत्रं जोडून काचेचा आकार काढला, जुनी लुगडी फाडली आणि महिनाभर दुपारची टाके घालत बसली. मी त्या लावून एक रात्र अंगणातच गाडीत झोपलो. सकाळी बघतो तर आपल्याच श्वासाची वाफ काचेवर धरलेली, तिचं पाणी गोधडीने प्यालेलं आणि ओझ्याने गोधडी स्टिअरिंगवर पडलेली. "हे काय कामाचं नाय," मी म्हणालो. तिने गोधडी पिळली, दोरीवर टाकली आणि चहा ठेवायला आत गेली. तिच्या महिनाभराच्या टाक्यांबद्दल मी एक शब्द बोललो नाही. आज त्याची लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

मग थर्माकोल आणला. तो खराब रस्त्यावर करकर वाजायचा आणि त्याचा भुगा जेवणात पडायचा. मग नारायणगावच्या एका शेठकडे खेपा सुरू झाल्या. पडद्यांचं आणि रेक्झिनचं दुकान. पूर्वज मारवाडातून आलेले, पण मराठी माझ्यापेक्षा साफ. त्यांनी नेमका प्रश्न विचारला, "भाऊ, आतून लावणार का बाहेरून?" आतून लावलं तर सोपं, पण दव धरणार. बाहेरून लावलं तर काच कोरडी राहणार, पण पावसात भिजणार आणि कुणीतरी उचलून नेणार. या आतून-बाहेरूनवर आम्ही कितीतरी दुपारी घालवल्या. एकदा ते कंटाळून म्हणाले, "वहिनींना काय पाहिजे ते तरी विचारलं का?" मला राग आला. कापड विकणाऱ्याने घरात कशाला डोकावावं? महिनाभर मी त्या दुकानाची पायरी चढलो नाही.

शेवटी द्राक्षांसाठी थंड खोल्या बांधणाऱ्या एका माणसाकडून चंदेरी फोमचे उरलेले तुकडे मिळाले. त्यांना मागून जाड कापड शिवलं, कडेला जुन्या कर्ण्यांतली लोहचुंबकं घातली. पत्र्याला टेकवलं की खटकन बसायचं, फट म्हणून राहायची नाही. एवढं नेटकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

तेवढ्यात भावकीत लग्न निघालं आणि वऱ्हाडाच्या सामानासाठी गाडी मागायला आले. आमच्याकडे भावकीला गाडी नाही म्हणता येत नाही. उद्या आपल्याला खांदा द्यायला तीच माणसं येणार असतात. गाडी परत आली तेव्हा पडदे आत नव्हते. शोधत गेलो तर मांडवामागे कुल्फीच्या बर्फावर झाकलेले सापडले. एकाच्या चिंध्या झालेल्या, चुंबकं पोरांनी पळवलेली. "लई भारी झाकण हाय तुमचं, बरफ संध्याकाळपत्तुर इरागळला नाय," असं वर कौतुक.

मी घरी येऊन आदळआपट केली. बायको म्हणाली, "फाटलं तर फाटलं. मी शाल घिऊन पुढं बसते. चला, उद्याच निघू."

"तुला काय कळतंय थंडीतलं?" मी म्हणालो.

ती गोठ्यात निघून गेली. मी पुन्हा शिवायला बसलो, त्यात आणखी एक पावसाळा गेला.

पौषात पडद्यांची परीक्षा घ्यायला आहुप्याला जायचं ठरवलं. थंडी जिथे मला छळायची तिथेच बघायचं. सकाळी बायकोने दोघांच्या भाकरी बांधल्या आणि आपली शाल आणून गाडीत ठेवली. मी ती शाल उचलून तिच्या हातात परत दिली. "आधी मी बघून येतो," म्हणालो. तिने भाकरीचं गाठोडं मात्र तसंच राहू दिलं. दोघांच्या भाकरी मी एकट्याने दोन वेळा खाल्ल्या.

आहुप्याला मला गाढ झोप लागली. सकाळी पडदा काढला तर काचेवर पाण्याचा थेंब नव्हता. मी चहा केला आणि एकटाच बसून धुकं बघत प्यालो. कुणी काही विचारत नव्हतं, कुणाला काही सांगायचं नव्हतं. फार बरं वाटलं. घरी आल्यावर तिने दारातच विचारलं, "झालं का मनासारखं?"

"डाव्या दाराच्या कोपऱ्यातून बोटभर वारा येतोय," मी सांगितलं. वारा येत नव्हता.

त्या उन्हाळ्यात डिंगोऱ्याच्या बायकांनी हिमालयाची सहल काढली आणि ही आपल्या बहिणीबरोबर गेली. मला विचारलं नाही, सांगितलं. त्यांच्या बसची एक खिडकी म्हणे लागतच नव्हती. हिने तिच्यात टॉवेलचा बोळा कोंबला आणि झोपली. परत आली तेव्हा नाकाची सालं निघालेली होती आणि आवाज बसलेला होता. मी विचारलं, "कसा व्हता बर्फ?"

"गार," ती म्हणाली.

शेजारणींना मात्र तिने दोन तास सांगितलं. कशी घसरून पडली, बहिणीच्या पाठीत कसा गोळा घातला, हातातला बर्फ गाडीपर्यंत आणायचा म्हणून मूठ कशी बधिर होईपर्यंत धरून ठेवली. मी आतल्या खोलीत बसून सगळं ऐकलं. तिला एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात गाय व्याली. थंडी कडाक्याची होती. संध्याकाळी गोठ्यात गेलो तर बायको समोरच्या काचेचा चंदेरी पडदा वासराच्या आडोशाला बांधत होती. मला विचारायची तिला गरज वाटली नव्हती. मी म्हणालो, "दुसरा करतो. आता सगळं जमलंय. तू म्हणशील तिथं जाऊ."

"बघून आले की मी."

"बर्फ नगं तर दुसरं कायतरी बघू. दोघंच."

तिने सुतळी दातात धरली होती, ती काढली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बाजारात वांगी घ्यायची का गवार, हे विचारावं तितक्या सहज तिने विचारलं, "अहो, येवढ्या लांबच्या वाटंनं आपुन दोघांनी बोलायचं काय?"

तिने उत्तराची खरोखर वाट पाहिली. मी आठवून बघत होतो. भाव, पाऊस, गाय, कोण आजारी, कोण गेलं. हे सगळं नारायणगावच्या अलीकडेच संपलं असतं. तीन वर्षं मी काचेच्या थंडीशी झगडत होतो, ते याच भीतीने. ही गोष्ट तिला माझ्याआधी कळली होती, आणि ती मला एकही टोमणा न मारता गोठ्यात उभी होती.

"ते टोक धरा," ती म्हणाली.

मी टोक धरलं. तिने गाठ मारली.