नंतरचा साचा

कोणी बोलायला लागलं की ताई त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची, आणि बोलणाऱ्याला वाटायचं, किती मन लावून ऐकते ही. कसलं ऐकणं? समोरचा बापडा घरातली भांडणं सांगत असायचा आणि हिच्या डोक्यात चाललेलं असायचं, की याची डावीकडची दाढ गेलेली आहे आणि वरचे दात खालच्यांवर जरा जास्तच उतरलेत. डेंटल लॅबमध्ये एकोणीस वर्षं काढलेल्या बाईकडून दुसरी काय अपेक्षा करणार?

लॅब म्हणजे छापखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. डॉक्टरांकडून दातांची मापं यायची, गुलाबी लगद्यात उमटलेली. ताई त्यात प्लास्टर ओतायची, थरथरणाऱ्या यंत्रावर धरून त्यातली हवा काढायची, आणि तासाभराने एका अनोळखी माणसाचा अख्खा जबडा तिच्या तळहातावर असायचा. त्यालाच लॅबमध्ये साचा म्हणत. हे सगळं तिला मास्तरांनी शिकवलं. मास्तर लॅबचे मालक, पण त्यांना मालक म्हणून कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. एकदा, चांगली मुरलेली असूनही, ताईने घाईत ओतलेल्या साच्यात हवा राहिली आणि उजव्या दाढेच्या टोकावर मोहरीएवढा खळगा पडला. पुन्हा ओतायला वेळ नव्हता, साचा तसाच द्यावा लागणार होता. मास्तरांनी तो दिवसभर तिच्या डोळ्यांसमोर ठेवला. म्हणाले, "नीट बघून घे. प्लास्टर खोटं बोलत नाही पोरी. चूक झाली की ते दाखवणारच." ताईच्या हे जिव्हारी लागलं. ती दाढ ती पुढे कधी विसरली नाही.

आता तिच्या स्वतःच्या जबड्याबद्दल. खालचा वरच्याच्या बराच पुढे होता. शाळेत तिला 'पुढारी' म्हणत, कारण वर्गात आधी हनुवटी शिरायची आणि मग ती. समोरचे दात एकमेकांना जन्मात भेटले नव्हते. सफरचंद कधी चावून खाल्लं नाही, फोडी करून दाढेखाली सरकवायची. त्याचं तिने फारसं मनाला लावून घेतलं नाही. पण चाळिशी जवळ आली आणि कानापाशी सांधा दुखायला लागला. एके दिवशी जेवताना जबडा उघडा तो उघडाच राहिला, चांगली दहा मिनिटं. नवरा कुलपं दुरुस्त करणारा. तो घास हातात धरून बसला, घाबरला, आणि जबडा एकदाचा मिटल्यावर म्हणाला, "आयुष्यभर लोकांची कुलपं उघडली. आपल्या घरातलं बंद करता येईना."

तारा लावणाऱ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हा सांधा असा झिजत राहिला तर पुढे तोंड उघडणंच मुश्कील होईल. दीड वर्ष तारा, मग ऑपरेशन. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी कापायचा आणि मागे सरकवून बसवायचा. एकदाच नीट व्हायला हवं, दुसऱ्यांदा कापायची वेळ आली तर ते फार अवघड असतं. "सर्जन तुम्हीच निवडा," ते म्हणाले, "तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहिती असणार."

हे खरं होतं. इतर लोक शेजाऱ्यांना विचारतात, दवाखान्याच्या भिंतीवरची प्रमाणपत्रं वाचतात, डॉक्टर हसून बोलला की भाळतात. ताईकडे साचे होते. जबड्याच्या ऑपरेशनआधी रुग्णाचा साचा करवतीने कापून नव्या जागी मेणाने बसवतात, आणि त्यावरून एक पातळ पट्टी बनवतात. ऑपरेशनच्या टेबलावर ती पट्टी दातांत धरूनच जबडा बसवायचा. पुढे दीड महिन्याने पुन्हा माप घेतात आणि नवा साचा ओततात. तो 'नंतरचा साचा'. ठरवलं काय आणि झालं काय, हे दोन साचे शेजारी ठेवले की आंधळ्यालाही कळावं.

लॅबकडे तीन सर्जनांचं काम यायचं. ताईने एकालाही कधी पाहिलं नव्हतं, पण तिघांची टोपणनावं ठेवून झाली होती. पहिला 'घाई'. त्याची मापं फाटकी यायची, त्याचा विचारच नको. दुसऱ्या 'बाई'. त्यांच्या नंतरच्या साच्यात अर्धा मिलिमीटर इकडे किंवा तिकडे असायचंच, आणि सोबत चिठ्ठी, 'माझ्याकडून डावीकडे किंचित गेलं आहे, पुढची पट्टी तशी बनवा.' ताई ती चिठ्ठी वाचून मान हलवायची. तिसरा 'मिलिमीटर'. त्याचा एकही नंतरचा साचा कधी चुकला नव्हता. आठ-दहा वर्षांत एकही नाही. त्याची नंतरची मापं मास्तर स्वतः ओतायचे, ताईच्या हाती देत नसत, तयार साचाही दात मिटवूनच दाखवायचे. "त्याचं काम नाजूक असतं," म्हणायचे. ताईला त्यात त्या सर्जनाचा मानच दिसला.

तेव्हा निवड करायला तिला वेळ लागला नाही. तारा लावून चौदा महिने होत आले तेव्हा एका दुपारी तिने मास्तरांना सांगितलं, "मी मिलिमीटरकडे जाते. त्याचे सगळे नंतरचे साचे पाहिलेत मी. एक चुकलेला नाही."

मास्तर प्लास्टरचा चाकू फडक्याने पुसत होते. पुसून स्वच्छ झालेला चाकू ते आणखी थोडा वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "हात चांगला आहे त्याचा."

ताईला तेवढं पुरेसं होतं. वडील लहानपणीच गेलेले, लग्न ठरवताना मुलाकडे जाऊन आले ते मास्तर. त्यांच्या शब्दावर तिने डोळे मिटून विहिरीत उडी मारली असती.

ऑपरेशनला आठ दिवस राहिले असताना मिलिमीटरने तिला शेवटचं तपासायला आपल्या दवाखान्यात बोलावलं. आधीची तपासणी तारांच्या डॉक्टरांकडेच झाली होती. बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट होतं. आत साच्यांच्या जोड्या, जबडे उघडून मांडलेल्या, प्रत्येकीखाली पाट्या, 'आधी' आणि 'नंतर'. ताईला स्वतःचं काम तिथे मांडलेलं बघून हसू आलं. एका कोपऱ्यातली जोडी तिने लांबूनच ओळखली. 'आधी'च्या साच्यात उजव्या दाढेच्या टोकावर मोहरीएवढा खळगा. जुनी ओळखीची बाई बाजारात भेटावी तसं तिला झालं. नवऱ्याला कोपर मारून म्हणाली, "अहो, ही माझी चूक. हिच्यासाठी मी दिवसभर बोलणी खाल्लीत."

मग तिची नजर शेजारच्या 'नंतर'वर गेली. तिथेही उजव्या दाढेवर तोच खळगा होता.

नवऱ्याला काही कळेना. ती काचेला नाक लावून उभी. हवेचा बुडबुडा काही माणसाच्या दाढेत नसतो, तो ओतणाऱ्याच्या चुकीत असतो. नंतरचा साचा नव्या मापावरून ओततात, नव्या मापात जुना खळगा येईल कुठून? म्हणजे नवं माप घेतलंच नव्हतं. आधीच्या साच्याची नक्कल काढली, कापली, ठरवलेल्या जागी बसवली, सांधे भरले आणि घासूनपुसून नंतरचा म्हणून ठेवून दिली. आणि हे सांधे कोणी भरले, ते तिला विचारावं लागलं नाही. इतकी बेमालूम घासणी करणारा हात एकच होता.

आत सर्जन छान बोलला. "ताई, तुम्ही तर आमच्या घरच्याच. तुमचं अगदी मिलिमीटरमध्ये बसवू." ताईने मान डोलावली. बाहेर आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एका साच्यावरून एवढं? मास्तरांना विचार तरी आधी." त्याचंही बरोबर होतं. तिलाही मनातून तेच हवं होतं, मास्तरांनी काहीतरी साधं कारण सांगावं आणि आपण आपल्यालाच मूर्ख म्हणून घरी यावं.

लॅबमध्ये गेली तेव्हा मास्तर खाली छापखान्यात चहाला गेले होते. त्यांच्या टेबलामागच्या कपाटाला कुलूप नव्हतं. ते कधीच नव्हतं, एकोणीस वर्षांत तिला ते उघडायचं सुचलं नव्हतं. आत ओळीने खोकी, मिलिमीटरच्या रुग्णांची. सगळ्यात पुढच्या खोक्यावर नंबर होता तिचा स्वतःचा.

साचा साबणाच्या पाण्यात बुडवून चकचकीत केलेला होता. खालचा जबडा मागे गेलेला, समोरचे दात एकमेकांवर सुरेख टेकलेले. ताराही जागच्या जागी. जन्मभर आरशात जे दिसलं नाही ते तिच्या हातात होतं. मागच्या बाजूला मास्तरांच्या वळणदार अक्षरात कोरलं होतं, 'नंतर', आणि तारीख दोन महिन्यांनंतरची.

 ती त्यांच्याच खुर्चीत बसली.

मास्तर वर आले, तिच्या हातातला साचा पाहिला आणि दारातच थांबले. मग म्हणाले, "सुरुवातीला एकदाच केलं होतं. खरा साचा पडून फुटला होता. तो म्हणाला, ठरवलेल्या साच्यावरून करून द्या, झालंय तसंच. मग दुसऱ्यांदा मागितला. मग सवय झाली."

"आणि खरी मापं?"

"तो घेतच नाही आता." मास्तर खाली बघत होते. "ऑपरेशनं वाईट नसतात गं त्याची. फक्त साच्याइतकी चांगली नसतात."

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना, साचे बघून निवडलाय म्हणून?"

"सांगितलं होतंस."

"मग?"

"लॅबचं अर्ध्याहून जास्त काम त्याचं आहे. आणि तुझं नीट कर म्हणून मी त्याला वेगळं सांगितलं होतं."

"वेगळं सांगावं लागतं, मास्तर?"

 ताईला राग येत होता, पण रागापेक्षा वाईट काहीतरी आत चाललं होतं. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाली असती. ज्याने बघायला शिकवलं त्यानेच डोळ्यांत धूळ फेकली, याला शिवी कुठली द्यायची? हा माणूस चार महिने तिच्या शेजारी बसत होता, तिचं दुखणं विचारत होता, तिच्या चहात साखर घालत होता. आणि त्याच हातांनी तिचा नंतरचा साचा घासत होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असेल, असं तिला वाटलं. ती साचा पर्समध्ये टाकून निघाली. मास्तर म्हणाले, "पोरी, जेवलीस का?" तिने मागे पाहिलं नाही.

दोन दिवसांनी ती बाईंकडे गेली. बाई दिसायला साध्या, चष्मा नाकावर घसरलेला, आवाज बसका. त्यांनी सांगितलं, "खालचा ओठ काही महिने बधिर राहील, कदाचित थोडा कायमचाही. आणि अर्धा मिलिमीटर चुकू शकतं माझ्याकडून. तुम्ही माझे साचे बघता, तुम्हाला ठाऊकच आहे." ताईला रडू फुटलं. बाईंना वाटलं, ऑपरेशनला घाबरली. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

ऑपरेशन झालं. तोंड सुजून भोपळा झालं, महिनाभर पातळ पेज. नवरा म्हणायचा, "आता कुठे घरात माझा आवाज ऐकू येतोय." दीड महिन्याने बाईंनी माप घेतलं. ताई तोवर पुलापलीकडच्या दुसऱ्या लॅबमध्ये लागली होती. ते माप ती स्वतःच तिथे घेऊन गेली आणि त्याला कोणाला हात लावू दिला नाही. प्लास्टर स्वतः कालवलं, यंत्रावर धरून हळूहळू ओतलं, बुडबुडा दिसला की थांबली, सुईने फोडला. साचा सुटला तो नितळ. कुठे खळगा नाही, गाठ नाही. एकोणीस वर्षांत इतकं साफ काम तिच्या हातून झालं नव्हतं.

तिने पर्समधला दुसरा साचा काढून शेजारी ठेवला. खऱ्यात जबडा उजवीकडे केसभर गेला होता, दात टेकत होते पण एक जरा उशिरा टेकत होता. बाईंची चिठ्ठी सोबत होतीच. मास्तरांचा साचा जास्त देखणा होता, यात शंका नाही. ताईने बशीतली सफरचंदाची फोड उचलली आणि समोरच्या दातांनी तोडली. रस बधिर ओठावरून हनुवटीवर आला, तो तिला कळला नाही. पदराला डाग पडल्यावर दिसला.

मग तिने आपला साचा उजेडाला धरला, आणि सवयीने मान वळवली. असं ओतलेलं प्लास्टर बघून ते किती चांगलं आहे हे समजणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता. नव्या लॅबमधली शेजारीण म्हणाली, "छान आलाय हो." ताई "हो" म्हणाली, आणि तिने साचा फडक्यात गुंडाळून ठेवला.