खोडलेला अर्ज

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाचणगावच्या शाळेत पेपर तपासत होते. तोंडून पहिलं निघालं ते, "बरं झालं." खोटं कशाला लिहू?

पुलगावात त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. जास्तीचा शब्द त्यांना खपत नसे. कुणी लग्नाची इंग्रजी पत्रिका द्यायला गेलं की आधी लाल पेन निघायचं, रेघा मारून व्हायच्या, मग पाणी विचारायचे. लोक हसायचे. दहावीपर्यंत मीही हसले. त्या वर्षी गिरणीतून घरी येता येता बाबा सायकलवरच गेले. तिसऱ्या दिवशी मी सुटीचा इंग्रजी अर्ज घेऊन सरांपुढे उभी राहिले. 'माय डिअर फादर एक्सपायर्ड अँड डाइड' असं लिहिलं होतं मी. सरांनी 'अँड डाइड'वर रेघ मारली आणि भर वर्गात म्हणाले, "माणूस एकदाच मरते. दुसरा लिहून आणजो."

मागून कुणीतरी खुदकन हसलं... व्हरांड्यात बसून मी दुसरा लिहिला. पहिला मात्र जपून ठेवला. इंग्रजीची मास्तरीण झाले तीही त्याच रागाने.

ते जायच्या महिनाभर आधी मी त्यांना भेटायला गेले ती माफी वसूल करायलाच. अर्धांगवायूने उजवं अंग गेलं होतं, वाचा बंद. त्यांच्या बायको, काकू, म्हणाल्या, "बोलता नाई येत त्याइले, पण समजते सारं." मी तो पिवळा पडलेला अर्ज त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, सर, माझे बाबा मेले होते हो. ते बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले आणि मला, खरं सांगते, आतून गार वाटलं. मग डाव्या हाताने त्यांनी पेन मागितलं. मला वाटलं, आता लिहितील काहीतरी... त्यांनी 'डिअर'वर रेघ मारली. त्या दिवशी सुटलेली चूक होती ती.

तेरवीला काकूंनी शाळेच्या फलकावर लावायचा इंग्रजी मजकूर माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या सुनेने लिहिला होता. तपासून दे म्हणाल्या, सोबत सरांचं तेच पेन दिलं. 'अवर डिअर सर' अशी सुरुवात होती. मी मधला शब्द खोडला.

"काऊन काढलं वं?"

"जास्तीचा आहे, काकू."

त्या नुसत्या कागदाकडे बघत बसल्या. मी तो शब्द परत लिहिला नाही. पेन येताना माझ्या पर्समध्ये राहिलं. परत द्यायला अजून गेलेले नाही.