गिटारला भरलेली लांबी

माझा धाकटा भाऊ हळदीत गिटार वाजवतो. आमच्या पनवेल-उरणकडच्या गावांत हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं प्रकरण. गाणी वाजवणारी बेंजो पार्टी नसली तर पाहुणे निमूट जेवून जातील आणि मग वर्षभर नावं ठेवतील. त्या पार्टीत सगळ्यांच्या पुढे हा, लालभडक इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घालून, केस उडवत. दुसरं काही त्याला धड येत नाही, आणि यायला हवं असं त्याला कधी वाटलंही नाही.

मागच्या उन्हाळ्यात पळस्पे फाट्याजवळ त्याची बाइक घसरली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. डावा हात बाइकखाली सापडला आणि पाठीवरची गिटार रस्त्यावर आपटली. तिच्या खालच्या कडेचा तळहाताएवढा टवका उडाला. हाताचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण बोटांकडे जाणारी नस दुखावली होती. अंगठ्याशेजारच्या दोन बोटांना काही कळेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, जाणीव येईलही, खात्री देता येत नाही. तारा दाबायची तीच तर बोटं!

एकदा ती बोटं गरम कुकरला टेकून राहिली आणि याला पत्ताच नाही. फोड आईने पाहिला. तेव्हापासून तिने एकच धोशा लावला, “मोडकी चीज घरान नाय ठेवायची. टाक ती खाडीन.”

तो म्हणाला, “टाक ना. नीट झाली तर लोक विचारतील, कधी वाजवणार म्हणून.”

माझं डोकंच सटकलं. आईला म्हटलं, तू गप. त्याला म्हटलं, तूपण गप. गिटार उचलली आणि सरळ नवऱ्याच्या गॅरेजवर नेली. आमचे हे गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात. गाडीचा पत्रा चेपला की ठोकून सरळ करायचा, उरलेल्या खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची आणि वरून रंग मारायचा.

“अहो, ही भरून द्या.”

“ही काय रिक्षा आहे? लाकडाला कधी लांबी भरली नाही मी.”

“मग आता भरा.”

पुटपुटत का होईना, त्यांनी गिटारच्या तारा काढल्या, दांडा सोडवला, आतल्या वायरी बाजूला केल्या. तुटलेली कड खरवडून घेतली. लांबीत हार्डनर कालवला की ती बघता बघता दगड होते, म्हणून थोडी थोडी कालवून पातळ थर दिले. मग निरोप धाडला, “मेव्हण्याला पाठव. घरात बसून आईचं डोकं खातोय त्यापेक्षा इथे घासू दे.”

तो आला, पण तोंड पाडून. उजव्या हाताने पॉलिश पेपर फिरवायचा आणि डावा मांडीवर ठेवायचा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. फिजिओवाल्या बाईंनी सांगितलं होतं की खरखरीत, गुळगुळीत, जे मिळेल त्यावरून ती बोटं फिरव. हा कुठला ऐकायला! मी ओरडले की दोनदा फिरवायचा, मी वळले की बंद.

ह्यांची एक पद्धत आहे. घासून झालं की डोळे मिटायचे आणि सावकाश हात फिरवायचा. डोळा फसवतो म्हणतात, हाताला उंचसखल लगेच लागतं. आणि ह्यांनी एकदा “झालं” म्हटलं की झालं. त्यावर कुणी बोललं की संपलंच. एका गिऱ्हाइकाला तर ह्यांनी घासायला पेपर देऊन बसवलं होतं, घ्या, तुम्हीच करा म्हणून.

त्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा ह्यांनी गिटारवरून हात फिरवून जाहीर केलं, “झालं. आता प्रायमर.” एका गाडीचा उरलेला लाल रंगही काढून ठेवला होता. मी डबा उघडत होते. भाऊ रस्त्याकडे बघत बसला होता, गिटार मांडीवर.

“भावोजी, इथे खड्डा आहे.”

“कुठे? काहीतरीच! माझ्या कामात खोट काढतो होय?” ह्यांनी गिटार ओढून घेतली, डोळे मिटून हात फिरवला. “काही नाही.”

“आहे. इथे, कडेला.”

हे चिडलेच. निळा खडू घेतला, सगळ्या भागावर फासला आणि लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून एकदा घासलं. सगळीकडचा खडू गेला. एका जागी मात्र राहिला, चिंचोक्याएवढा; तिथे ठोकळा टेकलाच नव्हता.

हे त्या ठिपक्याकडे बघत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “कुठल्या हाताने बघितलंस?”

भावाने आपल्या हातांकडे पाहिलं. उजव्यात पेपर होता. डाव्याचं मधलं बोट त्याने पुन्हा त्या जागेवर ठेवलं, हलकेच पुढे नेलं, मागे आणलं. 

“याच बोटाला लागतंय, ताई.”

मला रडू आवरेना. आमच्या ह्यांनी पाठ फिरवली आणि खड्डा भरायला नवी लांबी कालवायला घेतली. हार्डनर इतका जास्त पडला की ती कालवायच्या पत्र्यावरच घट्ट झाली.

मी डोळे पुसले, मिटले आणि त्या निळ्या ठिपक्यावर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मला काही म्हणजे काही लागलं नाही.