पेट्रोल कुठेतरी मुरतंय

आमचे मेहुणे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन यांच्याकडे पाठवतात. मग हे आपल्या एवढ्याशा खोलीत बसून मेण वितळव, प्लास्टर कालव, एकेक दात लाव, घास, चमकव, असं दिवसभर करत बसतात. सगळे त्यांना कवळीवालेच म्हणतात. माणूस इतका साळसूद की भाजीवाल्याने पिशवीत सडका टोमॅटो टाकला तरी म्हणतील, "असू दे, त्याला तरी तो कुठे खपवता आला असता!" अशा माणसाचा संशय घ्यायला जीभ धजत नाही. आणि नेमकं तेच मला पहिल्यापासून खटकत आलंय. एवढं चांगलं कुणी असतं का हो?

नाद एकच. गाडी. लग्नाच्या आधीपासूनची, दोनच सीटची, बुटकी, वर कापडी छप्पर. स्पोर्ट्स कार म्हणे! तिच्यातून उतरायचं तर आधी पाय बाहेर काढायचे आणि मग कुणीतरी हाताला धरून ओढायचं. पेट्रोल मात्र अशी ढोसायची की शेवटी बहिणीने दम भरला. महिन्याला एक टाकी, वर एक थेंब मिळणार नाही, आणि महिना निघाला नाही तर गाडी भंगारात. हे म्हणाले, "बरं." त्यांचं सगळ्याला बरंच असतं. पंप घराच्या कोपऱ्यावरच आहे. दर महिन्याच्या सुरुवातीला बहीण स्वतः तिथे उभी राहायची, रिकाम्या टाकीचा काटा बघायची आणि टाकी भरून घ्यायची.

गेल्या वर्षी यांच्या डोक्यात गाडीचं अॅव्हरेज वाढवायचं खूळ शिरलं. आम्ही म्हटलं, चला, बायकोचं बोलणं मनावर घेतलं. कार्ब्युरेटर उघडून साफ केला. प्लग बदलले. एअर फिल्टर इतका काळा निघाला की मेकॅनिकने तो यांच्या हातात देऊन नुसतं यांच्या तोंडाकडे बघितलं. मागचं एक चाक ब्रेकला घासत होतं, ते मोकळं केलं. टायरात हवा नीट भरली. मग वजन कमी करायचं म्हणून डिकीतला निम्मा संसार बाहेर आला. बाहेरचा आरसा वारा अडवतो म्हणून तोही काढला. आणि एक दिवस बघते तर शेजारची सीटच गायब!

"अहो, मी कुठे बसू?" बहिणीने विचारलं.

"तू कुठे येतेस? तुला लागते ना गाडी," हे म्हणाले.

ते खरंच होतं, तिला त्या गाडीत मळमळतं. पण बायकोला मळमळतं म्हणून तिची सीट उपटून माळ्यावर टाकणारा नवरा मी तरी दुसरा बघितला नाही. माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली ती तेव्हा.

माझी लाँड्री आहे. मेकॅनिकचे कपडे माझ्याकडेच येतात, ग्रीसचे डाग काढायचे म्हणजे काय असतं ते मलाच ठाऊक. एकदा कपडे न्यायला आला तर खुशीत होता. म्हणाला, "ताई, कवळीवाल्यांच्या गाडीची कमाल झाली! मीटर बंद आहे म्हणून आम्ही लिटरभर पेट्रोल बाटलीत घेऊन थेट इंजिनाला जोडलं आणि हायवेवरचे किलोमीटरचे दगड मोजत गेलो. पहिल्यापेक्षा दीडपट जाते गाडी!"

मी बहिणीला फोन लावला. "काय गं, आता टाकी महिनाअखेरीला बरीच उरत असेल."

ती म्हणाली, "नाही गं. काटा तळालाच असतो. आधी असायचा तसा."

आता बघा. घर तेच, कामाची खोली तीच, डॉक्टरांचे दवाखाने तेच. गाडी दीडपट जाते आणि टाकी पूर्वीइतकीच रिकामी होते. मग उरलेलं पेट्रोल जातं कुठे? कुठेतरी मुरतंय, हे सांगायला गणिताचा मास्तर नको.

बहीण त्याच दिवशी लाँड्रीत येऊन बसली. मी इस्त्री करत होते, ती बाजूला स्टुलावर. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आम्हा दोघींना या बाबतीत कुणी काही समजावून सांगायला नको. आम्ही शाळेत असताना आमचे वडील एका सकाळी डबा घेऊन कामाला म्हणून गेले, ते गेलेच. तेही असेच गोड बोलायचे. आईने लोकांचे कपडे इस्त्री करून आम्हाला वाढवलं, ही लाँड्री त्यातूनच उभी राहिली. आई वारली तेव्हा हा बाप कुठूनसा उगवला, दारात उभा राहिला, आणि धाकटीने त्याच्या तोंडावर दार आपटलं. पुढे नवऱ्यालाही बजावलं, "या माणसाशी बोललेलं मला कळलं तर मी या घरात राहणार नाही." नवरा म्हणाला, "बरं."

"दर गुरुवारी दुपारी जातात," बहीण सांगू लागली. "डॉक्टरांकडे कवळ्या पोचवायच्या असतात म्हणतात. परत येईपर्यंत अंधार पडतो. ताई, बाई असेल का गं?"

"असेलच असं नाही," मी म्हटलं. मनात म्हटलं, असणारच.

"असली तर मी एक दिवस राहणार नाही. आईसारखी वाट बघत तर मुळीच बसणार नाही."

आणि ती तशीच आहे. बोलते ते करते.

मेहुण्यांचे शर्ट माझ्याकडेच धुवायला येतात. आता बाईमाणूस शर्टावर काय काय सोडून जाते ते लाँड्रीवालीला सांगायला नको. पुढचे कितीतरी आठवडे मी गुरुवारचा शर्ट बाजूला काढून डोळ्यात तेल घालून तपासला. लिपस्टिक नाही. सेंट नाही. लांब केस नाही. पण उजव्या खांद्यावर दर वेळी एक वास यायचा. हुंगून हुंगून शेवटी ओळखला. दुखण्यावर लावायचा बाम!

"वयस्कर दिसतेय," मी बहिणीला म्हणाले.

"वयस्कर?" ती ताडकन उठली. "माझ्यापेक्षा म्हातारी? म्हणजे माझ्यात एवढं काय कमी आहे?"

तिचं म्हणणं काही चूक नव्हतं. मी म्हटलं, आता पुरे, गुरुवारी जाऊनच बघू.

लाँड्रीची व्हॅन मीच चालवते. गुरुवारी दुपारी गल्लीच्या तोंडाशी लावली, बहीण शेजारी, मागे धुतलेल्या कपड्यांचे गठ्ठे. मेहुणे आले, डिकीत एक डबा आणि एक पिशवी ठेवली, आणि निघाले.

पाठलाग म्हणजे वेगात करायचा असतो अशी माझी समजूत होती. अहो, पेट्रोल वाचवणाऱ्या माणसाचा पाठलाग कुणाच्या वाट्याला येऊ नये! हा गृहस्थ लांबवरचा सिग्नल लाल दिसला की तिथूनच पाय काढून घ्यायचा, गाडी आपली घरंगळत घरंगळत सिग्नलपाशी पोचायची तोवर तो हिरवा. ब्रेक म्हणून लावायचाच नाही. चढ आला की दम खात, उतार आला की देवाच्या भरवशावर. हायवेवर तर ट्रक हॉर्न मारत पुढे जात होते. एका सायकलवाल्याने सुद्धा आमच्या दोन्ही गाड्यांना मागे टाकलं आणि जाताना त्या स्पोर्ट्स कारकडे बघून हसला. व्हॅन तिसऱ्या गिअरमध्ये धड चालेना, दुसऱ्यात कण्हायला लागली. मला दोनदा कडेला थांबावं लागलं, नाहीतर आम्हीच त्यांच्या पुढे गेलो असतो. आरसा काढलेला आणि कापडी छप्पर ओढलेलं असल्यामुळे यांना मागचं काही दिसत नव्हतं, एवढंच काय ते आमचं नशीब.

"कसला शांत चाललाय बघ," बहीण दात ओठ खात म्हणाली. "पाप करायला निघालेला माणूस असा जातो का?"

"सराईत असला की जातो," मी म्हटलं.

पुढचं गाव गेलं, त्याच्या पुढचंही. मग गाडी एका बैठ्या चाळीसारख्या इमारतीपाशी थांबली. ओळीने खोल्या, बाहेर बाकं, बाकांवर म्हातारी माणसं. एकटी राहणारी म्हातारी माणसं भाड्याने राहतात तशा त्या खोल्या. मेहुणे डबा आणि पिशवी घेऊन शेवटच्या खोलीत शिरले.

आम्ही व्हॅन दारासमोरच आणून उभी केली. लपायचं भानच राहिलं नाही. बहीण पुढे, मी मागे. दार उघडंच होतं.

आत मेहुणे एका म्हाताऱ्याला काखेत हात घालून पलंगावरून खुर्चीत बसवत होते. म्हाताऱ्याची मान यांच्या उजव्या खांद्यावर, आणि मानेला बाम चोपडलेला. त्याला बसवलं, डबा उघडला, वाटीत सूप ओतलं. मग पिशवीतून छोटी कानस काढली, म्हाताऱ्याच्या तोंडातून कवळी काढून घेतली आणि ती खिडकीच्या उजेडात धरून हलकेच घासायला लागले.

म्हाताऱ्याने तोंड आमच्या बाजूला वळवलं. दात नसलेलं, आत गेलेलं तोंड. तरी मी ओळखलं. बहिणीने माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. ते आमचे वडील होते.

मेहुण्यांनी आम्हाला बघितलं आणि त्यांच्या हातातली कानस खाली पडली. तोंडातून शब्द फुटेना. एरवीचं "बरं" सुद्धा.

वडिलांना मात्र काही दिसलं नसावं. डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा होता. बाहेर व्हॅनचा पांढरा आकार आणि दारात दोन बायका, एवढंच कळलं असेल. "लाँड्रीवाल्या आल्या वाटतं," ते बोबडं बोलले. "या, या. चादरी कोपऱ्यात आहेत. आज बायका पाठवल्या का?"

मेहुण्यांनी खाली वाकून कवळी त्यांच्या तोंडात बसवली, आणि वडील एकदम स्पष्ट बोलायला लागले.

"हे माझे जावई," ते आम्हाला सांगू लागले. आवाजात असा तोरा! "माझ्या धाकटीचे यजमान. दर गुरुवारी येतात. तीच पाठवते यांना. तिला संसारातून सवड होत नाही, पण बापाला विसरली नाही बघा. सूप सुद्धा तिच्या हातचं असतं."

बहिणीने नवऱ्याकडे बघितलं. तो माणूस खाली मान घालून उभा होता. नंतर त्यांनी सांगितलं ते असं. कवळी टोचते अशी एका पेशंटची सारखी तक्रार येत होती, आणि पेशंटला प्रवास झेपत नव्हता, म्हणून हे स्वतः आले. बोलता बोलता पेशंट कोण ते उमगलं, यांनीही आपण कोण ते सांगितलं. म्हाताऱ्याने विचारलं, "तिने पाठवलं का?" आणि यांच्या तोंडून "हो" निघून गेलं. एकदा गेलेलं ते "हो" मग दर गुरुवारी निभावावं लागलं, सूपही स्वतःच करून. अंतर एवढं, टाकी एकच. म्हणून तो सगळा कार्ब्युरेटर, हवा आणि सीटचा खटाटोप.

पण हे सगळं नंतर. त्या वेळी खोलीत आम्ही चौघं होतो, आणि एक शब्द बोलायचा अधिकार फक्त धाकटीला होता. "मी नाही पाठवलं," एवढं म्हणायचा अवकाश, सगळं कोसळलं असतं. आणि तिने म्हटलं असतं तर मी तिला दोष दिला नसता, आजही देणार नाही. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलणार. देवाशपथ सांगते, आपल्या नवऱ्यालाही ती त्या क्षणी तिथेच सोडून निघाली असती.

वडिलांनी सूपचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "एवढंच जरा," ते म्हणाले, "सूप फार पातळ करते हो. तिच्या आईच्या हाताला जी चव होती ती नाही. यांना सांगितलं तर हे नुसते बरं म्हणतात. तुम्ही बायामाणसं, तुमची गाठ पडली कधी तिच्याशी, तर सांगाल का?"

बहीण कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"सांगते तिला," ती म्हणाली.

मग ती कोपऱ्यात गेली, चादरी गोळा केल्या, छातीशी धरल्या आणि बाहेर जाऊन व्हॅनमध्ये बसली. मी तिथेच हुंदके देत उभी राहिले आणि वडील मेहुण्यांना विचारत होते, काय झालं हो या बाईला?