गिटारच्या मानेतली सळई

नायगावच्या आमच्या इमारतीत शेजारच्या घरात एक निवृत्त शिक्षक राहतात. मूळचे जवळच्याच उमेळे गावचे. कित्येक वर्षं ते चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गिटार वाजवायचे. मी त्यांना अंकल म्हणते, ते मला ‘बाय’ म्हणतात. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पाय सावरला, पण डाव्या हाताच्या बोटांत जोर येईना. डॉक्टर म्हणाले, गिटार वाजवत राहा, त्याहून चांगला व्यायाम नाही. पण पावसाळ्याच्या दमट हवेत गिटारची मान वाकली होती. तारा एवढ्या वर आल्या होत्या की दाबताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. हळूहळू त्यांनी गिटार हातात घेणंच सोडलं. मग बोलणंही कमी केलं.

एका दुपारी त्यांच्या बायकोने, आंटींनी, मला बोलावलं. अंकल गिटार मांडीवर घेऊन बसले होते, शेजारी अ‍ॅलन की, म्हणजे सहा कोनांची वाकडी चावी होती.

“मानेच्या आत लोखंडी सळई असते, बाय. ती जरा आवळली की मान सरळ होते. माझा हात थरथरतो. तू कर.”

“मी? अंकल, दुकानात देऊ या ना!”

“दुकानवाला पंधरा दिवस ठेवून घेईल. तोवर बोटं परत लाकूड होतील.”

“आणि सळई तुटली तर?”

“तर मान गेली,” ते शांतपणे म्हणाले.

नळाचा वॉशरसुद्धा मी कधी बदललेला नाही. पण आंटी दाराशी उभ्या राहून माझ्याकडे अशा बघत होत्या की नाही म्हणायला तोंडच उघडेना.

गिटार पलंगावर ठेवली, मानेखाली उशी दिली. अंकल सांगतील तसं मी आधी तारा सैल केल्या. मग गिटारच्या गोल भोकातून हात आत घातला. चाचपडत सळईच्या टोकाला चावी बसवली. ती पक्की बसली आहे ना, हे दोनदा हलवून पाहिलं, कारण ढिली चावी टोक घासून टाकते असं अंकलनी बजावलं होतं.

“घड्याळाच्या काट्यासारखी फिरव. पाव फेऱ्याच्याही आतच. जोर लागला तर थांब.”

चावी जागची हलली नाही. मी लगेच हात काढला.

“बरं केलंस. आता उलटी, जराशी. अडकलेलं सुटू दे.”

मी श्वास रोखून उलटी फिरवली आणि आतून ‘कट्’ असा आवाज आला.

गिटार मोडली, आणि तिच्याबरोबर हा माणूसही, एवढंच डोक्यात आलं. अंकलनी डोळे मिटले होते. आंटी पुटपुटत प्रार्थना करू लागल्या.

“फिरतेय का?” शेवटी अंकलनी विचारलं.

फिरत होती. गंज धरलेलं टोक सुटलं होतं, एवढंच. मोबाईलच्या उजेडात मान वरपासून खालपर्यंत तपासली, कुठे चीर नव्हती. तरी पुन्हा सुलट फिरवताना मी आतल्या आवाजाकडे कान लावून होते. थोडंसं आवळायचं, तारा सुरात लावायच्या, अंकलनी तार दाबून खालची फट बघायची, परत सैल करायच्या. असं बऱ्याचदा केलं. एका टप्प्यावर मी म्हटलं, “अजून थोडं?” तर ते जवळजवळ ओरडले, “पुरे! लाकडाला सवय होऊ दे.”

मग त्यांनी गिटार घेतली. बोटं एकेक करून तारांवर ठेवली, अनामिका तर उजव्या हाताने उचलून बसवावी लागली. पहिला सूर फाटका आला. दुसरा स्वच्छ. त्यांनी तो परत वाजवला आणि आंटींना म्हणाले, “चहा टाक. बाय पांढरीफटक पडलीय.”